फूहायचं बोलणारं ज्वेईहू

छ्याओ फूहाय नाटकमंडळीत एरहू वाजवायचा, आणि एरहू त्याला येत नव्हतं. सगळ्या मंडळीला हे ठाऊक होतं, त्याला स्वतःला तर सगळ्यात जास्त. तरी लग्न झाल्यापासून तो त्याच खुर्चीत होता. त्याची बायको युनशिआ मंडळीची मुख्य गायिका, आणि नवऱ्याला घरी ठेवून गावोगाव हिंडायचं नाही असं तिने साफ सांगून टाकलं होतं. मग नवऱ्याला कुठेतरी बसवणं भागच होतं.

एरहूची यात काही चूक नाही. गुणी वाद्य आहे ते. अजगराच्या कातड्याने मढवलेली लहानशी पेटी, वर बारीक दांडी, दोन तारा, आणि त्या दोन तारांच्या मधेच अडकलेला गज. पण तारांच्या खाली टेकायला काही नसतं. दांडी लांब मागे राहते आणि बोट अधांतरी ठेवावं लागतं, अगदी अलगद. जरा जोर झाला की सूर चढतो. फूहायचं बालपण, तारुण्य सगळं तार लाकडावर दाबण्यात गेलं होतं. त्याचं बोट सवयीने खाली लाकूड शोधायचं, लाकूड सापडायचं नाही, आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज मंडपभर जायचा.

“जावईबापू,” जेनशान भर तालमीत म्हणायचा, “हवा पिळून तेल निघत नाही हो. सोडा तिला बिचारीला.”

गोंग जेनशान म्हणजे युनशिआचा थोरला भाऊ, मंडळीचा मालक आणि बानहूवाला. आमच्या होनानच्या नाटकात बानहू म्हणजे पहिली तार. बाकीची वाद्यं त्याच्या मागून. बानहूला कातडं नाही. नारळाच्या करवंटीवर पातळ फळी बसवलेली, आणि आवाज असा की उघड्या शेतात शेवटच्या माणसाच्या कानात शिरावा. ढगाळ हवेत कातड्याची वाद्यं मलूल होऊन बसतात, बानहूला त्याचं सोयरसुतक नाही. हळू बोलणं तेवढं त्याला जमत नाही. जेनशानचंही तसंच होतं. तो जेवायला बसला तरी शेजारच्या गल्लीला कळायचं.

आणि फूहायचं खरं वाद्य? ते ज्वेईहू. तेही दोन तारांचं, तेही गजाचं, पेटीही कातड्याचीच, पण त्याची दांडी लांब आणि जाडजूड, आणि तार थेट तिच्यावर दाबायची. बोट तारेवर ठेवून वरपासून खालपर्यंत हवं तसं घसरत न्या, सूर कुठेच तुटत नाही. नुसती मींडच मींड. आमची बोली अर्धी सुरावरच चालते. तोच शब्द वर नेला तर एक, खाली आणला तर दुसरा. त्यामुळे ज्वेईहू नीट हातात असलं की ते गात नाही, बोलतं. बानहू ओरडतं, एरहू रडतं, पण “अहो, जरा सरका” एवढं म्हणायला ज्वेईहूच लागतं.

फूहायला ते त्याच्या मामाने शिकवलं. मामा बाजारात उंदराचं औषध विकायचा. लोक जमल्याशिवाय औषध खपत नाही, आणि लोक फुकट जमत नाहीत. म्हणून मामा रस्त्याच्या कडेला बसून ज्वेईहूला बोलायला लावायचा. ज्वेईहू कोंबडीला हाक मारायचं, सुनेला शिव्या घालणाऱ्या सासूची नक्कल करायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला नावाने थांबवायचं. “ओ लाल टोपी! घरात उंदीर किती?” माणूस दचकून मागे बघायचा, हशा पिकायचा, आणि त्या हशात पुड्या संपायच्या. फूहाय वयात आला तोवर हुबेहूब कुठलाही आवाज काढायला लागला होता. मामा म्हणायचा, “गाणं मागाहून. आधी जाणाऱ्याचे पाय धरायला शीक.”

मधली काही वर्षं जुने खेळ, जुनी गाणी सगळंच बंद होतं. मामाने ज्वेईहू धान्याच्या कणगीत पुरून ठेवलं. मग दिवस पालटले, मंडळ्या पुन्हा उभ्या राहिल्या, आणि फूहाय एका बाजारात ज्वेईहू वाजवत असताना युनशिआ समोर येऊन उभी राहिली. ती खळखळून हसली. ज्वेईहूने तिच्या हसण्याची तिथल्या तिथे नक्कल केली. पुढचं सांगायला नको.

सांगायला हवं ते लग्नाचं. नवरी आणायला गेलं की तिच्याकडचे दार लावून घेतात आणि नवऱ्याला बाहेर ताटकळत ठेवतात. विनवण्या करून घेतात, पैशांची लाल पाकिटं काढतात, थट्टा करतात, आणि मग कुठे दार उघडतं. जेनशान दाराला पाठ लावून आत उभा होता. बहीण द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं आणि तो काही केल्या हलेना. शेवटी फूहायने ज्वेईहू मांडीवर घेतलं आणि बाहेरून युनशिआच्या आवाजात, तिच्या त्या जराशा लाडिक, नाकातल्या आवाजात हाक मारली, “दादा, दार उघड!”

आतले चपापले. नवरी बाहेर गेली कधी? खुद्द जेनशान फसला. त्याने झटकन दार उघडलं आणि समोर पाहतो तर नवरा ज्वेईहू घेऊन बसलेला. अख्खं गाव पोट धरधरून हसलं. नवरीला सासरी जायची इतकी घाई, की ती दाराच्या चुकीच्या बाजूने ओरडते! ही थट्टा जेनशानच्या कानावर वर्षानुवर्षं येत राहिली. त्या दिवसापासून ज्वेईहूचं नाव काढलं की त्याच्या कपाळाची शीर उडायची. “उंदराच्या औषधाचं वाद्य माझ्या रंगमंचावर येणार नाही,” त्याने सांगितलं, आणि ते आलं नाही.

यंदाच्या अग्निदेवाच्या जत्रेला जाताना जेनशानने गाडीतच विषय काढला. “जावईबापू, पलीकडच्या तालुक्यातला एक एरहूवाला मिळालाय. हात असा हलका की ऐकत राहावं. जत्रा झाली की तो येतोय.”

“मग मी?” फूहाय म्हणाला.

“कपड्यांच्या पेट्या आहेत. त्या उचलायला विश्वासाचा माणूस लागतोच ना.”

पेट्या उचलणारा माणूस रंगमंचामागे असतो. युनशिआ गायला लागली की तिचा चेहरा त्याला दिसत नाही. एरहू वाईट वाजवत का होईना, इतकी वर्षं फूहाय तिच्यापासून चार हातांवर बसला होता, तिचा श्वास कुठे तुटतो, कुठल्या शब्दाआधी ती आवंढा गिळते, हे सगळं बघत. ती खुर्ची गेली तर त्याचं काय उरलं?

“अहो, मी बोलते दादाशी,” युनशिआ हळूच म्हणाली.

“नको. तुझ्या पदराआड किती दिवस बसू?” तो म्हणाला, आणि मग वैतागून, “आणि तू बोलूच नकोस आता. घसा बघ कसा झालाय.”

घसा खरंच बसत चालला होता. फाल्गुनातला कोरडा वारा पिवळी माती उडवत होता आणि युनशिआ आधीच्या मुक्कामापासून रोज दोनदोनदा गात होती. फूहाय तिला खडीसाखर घालून उकडलेल्या नासपतीचं पाणी पाजत होता. कपड्यांच्या एका पेटीच्या तळाशी, जुन्या सेनापतीच्या झग्यात गुंडाळून ज्वेईहू ठेवलेलं होतं, ते फक्त दोघांनाच माहीत.

जत्रेत या वर्षी दोन मंडळ्या बोलावल्या होत्या, आणि मांडव समोरासमोर. हा प्रकार ज्याने पाहिला नाही त्याने जत्राच पाहिली नाही. मधे कोवळ्या गव्हाशेजारचं मोकळं शेत, दोन्ही टोकांना रंगमंच, दोन्हीकडे एकाच वेळी खेळ सुरू. लोक घरून बाकडी आणतात आणि मधे बसतात. जिकडे रंग चढेल तिकडे बाकडी वळतात. एखाद्या बाजूचा सूर ढिला पडला की माणसं बाकडी डोक्यावर घेऊन दुसऱ्या बाजूला चालू लागतात. रंगमंचावरून ते स्पष्ट दिसतं. समोर चेहरे असतात, बघता बघता पाठी होतात. शेवटी देवळातले म्हातारे ज्या बाजूला गर्दी जास्त त्या बाजूला लाल कापड चढवतात, आणि हरलेली मंडळी मान खाली घालून सामान बांधते.

समोरची मंडळी पूर्वेकडची होती, तगडी. त्यांची गायिका तरुण, आवाज खणखणीत. पहिले दोन दिवस बरोबरीत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा खेळ. जेनशानने युनशिआचा हुकमी खेळ लावला, ज्यात एक साधी बाई नवऱ्याला सोडवायला न्यायाधीशासमोर उभी राहते आणि ती लांबलचक फिर्याद गाते. होनानात ती फिर्याद पाठ नाही असा माणूस सापडायचा नाही. बायका भाकरी थापताना म्हणतात, पुरुष सायकलवरून.

फूहाय आपल्या खुर्चीत एरहू मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या पलीकडे जेनशान, आणि सगळ्यांच्या मधोमध वेईकाका. डाव्या हातात चिपळ्या, उजव्या हातात ढोलाची काडी. अख्खा खेळ त्यांच्या काडीवर चालतो. ती उचलली की मालकालाही थांबावं लागतं.

युनशिआ पांढऱ्या वेषात पुढे आली. गुडघे टेकले. पहिल्या दोन ओळी तिने कशाबशा ओढल्या. फूहायला तिची मान दिसत होती. मानेवरची शीर ताणली गेली होती. तिसऱ्या ओळीला आवाज वर जातो. ती वर गेली, आणि आवाज तिथे नव्हताच. नुसता वारा निघाला.

“कोंबडा कापला रे!” मागून कुणीतरी ओरडलं.

हशा. जेनशानने दात आवळले आणि बानहू असं हाणलं की करवंटी फुटेल असं वाटलं. झाकतोय, फूहायला कळलं. पण बानहू सूर झाकतं, शब्द कुठून आणणार? बाई गुडघ्यांवर बसलेली, तोंड उघडं, आणि तिच्या नवऱ्यासाठी करवंटी किंचाळतेय! युनशिआने पुन्हा तोंड उघडलं. काही नाही. तिचे डोळे भरले. ती वेषातली बाई नव्हती, ती खरोखरची युनशिआ होती, आणि ती फूहायकडे बघत होती.

शेतात पहिलं बाकडं उठलं.

मग दुसरं. मग भराभर. डोक्यावर बाकडी घेतलेली एक अख्खी ओळ उठून समोरच्या मंडपाकडे निघाली. पोरं खांद्यावर, म्हाताऱ्या काठ्या टेकत. पाठीच पाठी! तिकडून त्यांच्या गायिकेने बरोबर तेवढ्यात अशी तान मारली की काय सांगावं.

फूहाय उठला. एरहू त्याने खुर्चीवर ठेवलं, गज तारांमध्ये लोंबकळत राहिला. मागे वळून त्याने पडद्याआडच्या त्या पेटीचं झाकण उघडलं. सेनापतीचा झगा ओढून काढला.

“ए!” जेनशान वाजवता वाजवता गुरकावला. “ते नाही हं! फूहाय! सांगून ठेवतो!”

इतक्या वर्षांत त्याने जावईबापू सोडून नावाने हाक मारल्याची ही पहिलीच वेळ. फूहायने खुंटी पिळली. इतके दिवस पेटीत पडून तार उतरली होती. आणखी पिळली. बोट दांडीवर टेकलं आणि खाली लाकूड लागलं मात्र, त्याला घरी आल्यासारखं झालं. आता काय वाजवायचं? फिर्याद? कोण ऐकणार, सगळ्यांच्या पाठी इकडे. मामाचं बोलणं त्याला आठवलं. आधी जाणाऱ्याचे पाय धर.

समोर निळ्या रुमालाची एक जाडजूड बाई बाकडं डोक्यावर घेऊन तुरुतुरु चालली होती. ज्वेईहूने तिच्या मागून खणखणीत हाक मारली, “ओ निळा रुमाल! आमचं बाकडं कुठे पळवलंत?”

बाई गर्रकन वळली. “आमचंच आहे! घरचं आहे!” ती ओरडली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण कुणाशी बोलतोय. आजूबाजूचे फुटले. चालणारे थांबले. कोण बोललं? कुठून बोललं?

जेनशानचा चेहरा काळाठिक्कर पडला. ऐन न्यायालयात, बाई नवऱ्यासाठी रडतेय, आणि ह्याने उंदराच्या औषधाचा बाजार मांडला! त्याने गज उगारलाच होता. पण पाय थांबले होते. फूहायला एवढंच हवं होतं. हशा ओसरायच्या आत, लोक अजून तोंड उघडं ठेवून बघत असतानाच, त्याने बोट दांडीच्या वरच्या टोकाला नेलं आणि फिर्यादीची तिसरी ओळ उचलली.

युनशिआच्या आवाजात.

तोच नाकातला आवाज. वर जाताना तीच किंचित थरथर, आणि ‘नवरा’ म्हणायच्या आधी गिळलेला तोच आवंढा. तो आवंढासुद्धा त्याने गज क्षणभर थांबवून वाजवला. इतकी वर्षं चार हातांवर बसून त्याने दुसरं केलं काय होतं? एरहू रडवण्यात तो कधी तरबेज झाला नाही, पण बायकोचा आवाज त्याच्या मनगटात मुरला होता. युनशिआने चमकून वळून पाहिलं. एक क्षण. मग तिने पुढे तोंड केलं, हात उचलला, ओठ हलवले, आणि ओठांतून आवाज निघाला. तिचाच. चार हातांवरून.

वेईकाकांची काडी हवेत थांबली होती. त्यांनी डोळे बारीक करून फूहायकडे पाहिलं, मग जेनशानकडे, आणि चिपळ्या बदलल्या. ताल फूहायच्या गजाला जाऊन मिळाला. झालं! मंडळीच्या घटनेत यापुढे अपील नाही.

जेनशानचं बानहू अजून वरच्या पट्टीत ओरडत होतं, ज्वेईहूचे शब्द झाकत होतं. फूहायने मान वळवली नाही. त्याला बघायचं नव्हतं. मग एकाएकी तो आवाज लांब गेल्यासारखा, बंद दाराआडून आल्यासारखा झाला. फूहायने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. जेनशानने डोक्यावरची टोपी काढून करवंटीच्या पाठीवर चढवली होती आणि गज जेमतेम सरकवत होता. टकलावर घाम. जन्मात हळू न बोललेलं बानहू हळू बोलत होतं.

आणि शेत! पुढच्या एका म्हातारीने ओळ ओठांत पकडली. मग तिच्या शेजारणीने. शब्द सगळ्यांना पाठच होते. ज्वेईहू म्हणत होतं, युनशिआचे हात म्हणत होते, आणि बाकड्यांवरची माणसं म्हणायला लागली. निळ्या रुमालाची बाई आपलं बाकडं तिथेच जमिनीवर आदळून त्यावर बसली आणि डोळे पुसत गाऊ लागली. तिच्या मागची ओळ बसली. लांब पलीकडे, समोरच्या मंडपापुढे, एक माणूस मागे वळून बघायला लागला. मग दोघे. मग त्यांच्याकडची बाकडी उठली. पाठी वळत होत्या, चेहरे होत होते!

समोरच्या मंडळीनेही काही कच्ची माणसं पाठवली नव्हती. त्यांनी फटाक्यांची माळ लावली. भली मोठी लाल माळ, त्यांच्या मंडपाच्या खांबाला टांगलेली. तडतड, तडतड, तडतड! धुरात सगळं शेत बुडालं. ज्वेईहू दिसेना, ऐकू येईना. कातड्याच्या पेटीचा जीव तो केवढा! फूहाय गज दाबत राहिला, बोलत राहिला, पण त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं. फिर्यादीचा ऐन कळस तोंडावर आला होता.

“दादा!” तो ओरडला. “दादा, तुम्ही!”

जेनशानने टोपी भिरकावली. ती वेईकाकांच्या ढोलावर पडली आणि काकांनी तिच्यावरच काडी मारली. मग बानहू सुटलं. बाप रे, काय सुटलं! फटाक्यांच्या वरून, धुराच्या वरून, देवळाच्या कौलांच्या वरून. एरहू असतं तर मेलं असतं, ज्वेईहू तर गुदमरलंच होतं. पण करवंटीवरची ती पातळ फळी फटाक्याला बाप म्हणायला तयार नव्हती. जेनशान खुर्चीतून अर्धा उठला होता, बत्तीशी बाहेर, आणि हसत होता. शिवी द्यावी तसा वाजवत होता. माळ जळून संपली. शेवटचा फटाका फुटला, आणि त्याच क्षणी जेनशानने गज उचलून फूहायकडे केला.

“हं! बोल आता!”

ज्वेईहू बोललं. फिर्यादीची शेवटची ओळ, जिथे ती बाई काही मागत नाही, फक्त नवऱ्याचं नाव घेते. युनशिआने दोन्ही हात पसरले. फूहायने बोट वरपासून खालपर्यंत एका श्वासात उतरवलं, आणि शेतातल्या सगळ्या माणसांनी ते नाव त्याच्याबरोबर घेतलं.

लाल कापड घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांना रंगमंचापर्यंत पोचायला वाट मिळेना, इतकी गर्दी. कापड जेनशानच्या गळ्यात पडलं, मालकाच्याच गळ्यात पडायचं ते. निळ्या रुमालाची बाई रंगमंचाशी येऊन ज्वेईहूला निरखत होती. “ह्याने माझं भर जत्रेत हसं केलं,” ती सगळ्यांना अभिमानाने सांगत होती.

संध्याकाळी मंडपामागे मटणाच्या रश्श्याचं पातेलं उतरलं. युनशिआ फूहायला चिकटून बसली होती. आवाज पार गेला होता, पण तिचा चेहरा नुसता उजळला होता. ती सारखी त्याचा डावा हात हातात घेऊन बोटं बघत होती. फूहायच्या डोक्यात वारं भरलं होतं. तो हातवारे करून प्रत्येकाला सगळं पुन्हा सांगत होता, जसं काही कुणी तिथे नव्हतंच.

जेनशान आला, गळ्यात लाल कापड, हातात वाडगा. तो समोरच्या पेटीवर बसला.

“तो एरहूवाला परवा येतोय,” जेनशान म्हणाला.

फूहायचा हात हवेतच राहिला. युनशिआने झटकन भावाकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं, पण बोलणार कशी?

“मी शब्द दिलाय त्याला,” जेनशान रश्श्यात बघत म्हणाला. “ती खुर्ची त्याची. शब्द म्हणजे शब्द.”

“बरं,” फूहाय म्हणाला. एवढं सगळं होऊनसुद्धा? त्याला हसू यायला लागलं आणि रडूही. “पेट्यांच्या किल्ल्या माझ्याकडे द्या मग.”

जेनशानने रश्श्याचा भुरका मारला. शेजारच्या गल्लीला कळेल असा.

“ज्वेईहूला बसायला काय लागतं?” त्याने विचारलं. “खुर्ची की स्टूल?”

फूहायला आधी नीट कळलंच नाही. “स्टूल,” तो म्हणाला. “बुटकं. दांडी लांब असते ना, हात खालपर्यंत जायला हवा.”

“हं. इथला सुतार बरा आहे म्हणतात.” जेनशान डोकं खाजवायला लागला. “वेईकाका आणि माझ्या मधे बसेल इतपत सांगतो करायला. काका, तुम्ही जरा सरकाल ना?”

“टोपीचे पैसे मागणार नसशील तर सरकेन,” वेईकाका म्हणाले.

युनशिआ हसत सुटली, आवाज न करता, खांदे हलवत. जेनशान तिच्याकडे बघत राहिला. आज दुपारी ती तोंड उघडून बसली होती आणि तिचा आवाज कुठे गेला हे कुणालाच माहीत नव्हतं, एका माणसाशिवाय. जेनशानने वाडगा खाली ठेवला.

“ए फूहाय,” तो म्हणाला. त्याच्यापुरतं ते हळूच होतं. “ते लग्नातलं… ते एकदा वाजव.”

“दादा, कशाला आता जुनं…”

“वाजव म्हणतो ना!”

फूहायने ज्वेईहू मांडीवर घेतलं. युनशिआकडे पाहिलं. तिने मान हलवली आणि ओठ उघडले, दुपारसारखेच. त्याने बोट दांडीवर टेकवलं आणि तिच्या आवाजात, तेव्हाच्या तिच्या लाडिक, कोवळ्या आवाजात हाक मारली, “दादा, दार उघड!”

जेनशानने गळ्यातलं लाल कापड तोंडावर घेतलं. बराच वेळ ते तिथेच होतं. मग आतून आवाज आला, “उघडलं गं. कधीच उघडलंय.”